तारीख पुढं ढकलून वर्सोव्याला

कराडहून मुंबईला जाऊन आलेल्या माणसानं राणीची बाग, गेटवे आणि म्हातारीचा बूट यांचं वर्णन करावं, अशी आमच्या गल्लीची अपेक्षा असते. शहाऐंशीच्या गणपतीत मी आठ दिवस मुंबईत होते आणि यातलं एकही पाहिलं नाही. मी मुलुंड पाहिलं, आरे कॉलनी पाहिली, वर्सोवा पाहिलं. या भागातली माणसं ‘आज मुंबईला जायचंय’ असं म्हणून घराबाहेर पडतात, तेव्हा मी मुंबईला जाऊनही मुंबईला गेले नाही असंही कोणी म्हणेल. म्हणू दे! मला समुद्र बघायचा होता आणि तो मुंबईच्या कुठल्याही टोकाला असला तरी मला चालणार होता.

मी अडतीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. चौथीच्या मुलांना दर वर्षी भरती-ओहोटी शिकवते, फळ्यावर निळ्या खडूनं लाटा काढते, आणि मी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. योग आला नाही असं नव्हे. तीनदा आला. लग्नाच्या वर्षी हर्णैला जायचं ठरलं, तर निघायच्या सकाळीच माझी पाळी आली आणि एसटीची तिकिटं परत केली. दुसऱ्यांदा शाळेची सहल होती; मुलं गेली, मी घरी बाजूला बसले. तिसऱ्यांदा तर गणपतीपुळ्याला पोचलेसुद्धा. अंधार पडल्यावर पोचलो, म्हटलं सकाळी बघू, आणि पहाटे कावळा शिवला. देऊळ अगदी किनाऱ्यालाच, त्यामुळे तिकडे फिरकायची सोय नाही. दोन दिवस मुक्कामाच्या घराच्या मागच्या पडवीत बसून राहिले. भिंतीपलीकडे तो गाजत होता. लोक समुद्र बघून येतात, मी ऐकून आले.

आमच्या घरी ते चार दिवस कडक. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवसांत मला शिवत नाहीत. ताट दुरून सरकवतात. पण ताटात तूप मात्र सढळ हातानं वाढतात, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना उगाच वाईट ठरवाल.

तर झालं असं, की माझी नणंद शालू हिनं मुलुंडला स्वतःचा ब्लॉक घेतला आणि तिथं पहिल्यांदाच गौरी बसवायच्या ठरवल्या. आईनं आणि वहिनीनं येऊन सगळं नीट मांडून द्यावं, असं तिचं पत्र आलं. आम्ही दोघींनी कॅलेंडर काढलं. माझी तारीख बरोबर चतुर्थीची! मी मनातल्या मनात समुद्रावर पाणी सोडलं. पण आत्याबाईच म्हणाल्या, “डॉक्टरीणबाईंकडं जाऊन ये. पुढं ढकलायची गोळी मिळते म्हणे. देवाच्या कामासाठी आहे, देव समजून घेईल.”

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायच्या, दिवसातून तीनदा, न चुकता. बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येईल. “आणि मधे चुकवलीत तर मला दोष देऊ नका,” असंही म्हणाल्या. ती बारीक पांढरी गोळी हातात घेतली तेव्हा मला जो आनंद झाला तो लग्नात पाटल्या घातल्या तेव्हाही झाला नव्हता. जन्मात पहिल्यांदा माझी तारीख मी ठरवणार होते. आत्याबाईंना गौर हवी होती. मला समुद्र हवा होता. गोळी एकच होती.

मुलुंड

प्रतिपदेला पहिली गोळी चहाबरोबर घेऊन एसटीत बसले, आणि संध्याकाळी शालूच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलो. दोन खोल्या, एक मोरी, आणि सतरंजीएवढी गॅलरी. आत्याबाईंनी घरभर नजर फिरवली आणि पहिला प्रश्न विचारला, “आणि बाजूला कुठं बसतेस गं?”

“गॅलरीत,” शालू म्हणाली.

गॅलरीत एक सायकल, रॉकेलचा डबा, कांद्यांची टोपली आणि तुळस होती. तिथं चिमणीला बसायचं म्हटलं तरी परवानगी घ्यावी लागली असती. मी शालूकडे पाहिलं, तिनं डोळे मिचकावले. नंतर ओट्यापाशी हळूच म्हणाली, “वहिनी, इथे कोण बसतंय गं? मी फक्त देवाला शिवत नाही. बाकी सगळं करते. मी बसले तर सहाच्या ठोक्याला डबे कोण भरणार, शेजारची?” आणि पुढं, “आईला सांगू नको हां, वाट लागेल माझी.”

शेजारची म्हणजे जाधव सिस्टर. मूळच्या परभणीकडच्या, बौद्ध, अंधेरीच्या एका इस्पितळात नर्स. समोरच्याच दारात राहतात. आम्ही आलो त्या संध्याकाळी त्यांनी ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची लाल चटणी पाठवली. मुंबईत पहिला घास गावाकडचा मिळाला म्हणून आत्याबाई खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नवा हुकूम काढला: गोळ्या नुसत्या गौरी बसेपर्यंत नकोत, गौरी जाईपर्यंत घे. मग एक पट्टी आणखी हवी. सिस्टर म्हणाल्या, “चला, मी येते.”

कराडला मी ही गोळी आणली तेव्हा दुकानदारानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून, माझ्याकडे न बघता दिली होती. मुलुंडच्या गुजराती औषधवाल्यानं चिठ्ठी बघितली आणि भर दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत विचारलं, “गणपती तक या गौरी तक, बेन?”

मला घाम फुटला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “गौरी तक.” त्यानं हात लांब करून फळीवरची पट्टी काढली. श्रावणापासून माल भरून ठेवावा लागतो म्हणाला, नाहीतर बायका भांडतात. माझ्या मागं उभी असलेली एक बाई पुढं वाकून म्हणाली, “मला पण गौरी तक.” मला इतकं हसू आलं, की रस्ताभर हसत आले. आपलं गुपित म्हणून जे मी जपत होते ते अख्ख्या मुलुंडचं गुपित होतं आणि औषधवाला ते मोठ्यानं विचारत होता.

हरितालिका

आता माझ्या मूर्खपणाचा भाग आला. तो लपवण्यात अर्थ नाही.

हरितालिकेचा उपास आमच्याकडं निर्जळी असतो. पाण्याचा थेंब नाही. सकाळी शालूकडे वाळूची पिंडी मांडली, इमारतीतल्या बायका जमल्या, पत्री वाहिली, कहाणी वाचली. माझ्या पर्समध्ये गोळी होती. सिस्टर कामावर निघाल्या होत्या, दारातूनच त्यांनी विचारलं, “घेतली का?”

“आज निर्जळी आहे,” मी म्हटलं.

“अहो मॅडम, गोळीला दोन घोट लागतात. हंडा नाही लागत.”

आतून आत्याबाईंनी ऐकलं. “निर्जळी म्हणजे निर्जळी. एक दिवस नाही घेतली तर काय आभाळ कोसळतंय? शंकराचं व्रत आहे, तोच सांभाळेल.”

“शंकर सांभाळेल हो आजी,” सिस्टर चपला घालता घालता म्हणाल्या, “पण गोळीला कुठे माहीत आहे आज हरितालिका आहे ते?”

मी मोरीत जाऊन गुपचूप गिळू शकले असते. नळाला पाणी होतं. दोनदा उठलेही. पण सोळा वर्षांत आत्याबाईंच्या नकळत मी उपासाचा दाणा तोंडात टाकलेला नाही, आणि ती सवय ऐन वेळी आडवी आली. तीन गोळ्या चुकल्या, सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची. बायकांनी झिम्मा घातला, मीही घातला, घसा कोरडा पडला होता तरी गाणी म्हटली. देवाची गंमत बघा: ज्या देवकार्यासाठी गोळी घ्यायची, त्याच देवकार्यापायी ती घ्यायची नाही! हे तेव्हा मला दिसत नव्हतं असंही नाही. दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थीला पहाटे उठून पहिल्यांदा गोळी घेतली आणि मग दहीभात खाऊन उपास सोडला. गणपती बसला. माझ्या मोदकांपैकी पाच वाफेत उलगडले, ते मीच खाऊन टाकले.

दुपारी इमारतीतल्या बायका आरतीला जमल्या आणि प्रश्न निघाला ऋषिपंचमीचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बायका हे व्रत करतात. वर्षभरात पाळीच्या दिवसांत जाणता-अजाणता जी शिवाशिव झाली असेल, तिचं पाप धुऊन जावं म्हणून. त्या दिवशी आघाड्याच्या काडीनं दात घासायचे, वाहत्या पाण्यात अंघोळ करायची आणि बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. नांगर न लावता, हातानं पिकवलेली भाजीच चालते. कराडला आम्ही कृष्णा-कोयनेच्या संगमावर जातो. मुलुंडच्या बायका मोरीत नळाखाली बसून गंगा-यमुनेचं नाव घेतात.

“नळाखाली ऋषिपंचमी?” आत्याबाई म्हणाल्या. “त्यापेक्षा सुतकात दिवाळी करा.”

मग पाण्याचा शोध सुरू झाला. ठाण्याच्या खाडीत चिखल. पवईच्या तलावात मगरी आहेत असं शालूनं सांगितलं, ते आत्याबाईंना आधी थट्टा वाटलं. तेवढ्यात कामावरून परत आलेल्या सिस्टर म्हणाल्या, “वर्सोव्याला जा ना. समुद्र आहे. हिराबाई म्हणून माझ्या ओळखीची कोळीण आहे, तिच्या मुलीचं बाळंतपण आमच्याकडे झालं. सगळी सोय करेल ती.”

मी होते तिथंच उठून उभी राहिले. सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत असं वाटलं, पण त्या आत्याबाईंकडे बघत होत्या. आत्याबाईंनी मला विचारलं, “तू भूगोल शिकवतेस. आपली कृष्णामाई त्याला मिळते का?”

कृष्णा पूर्वेला जाते आणि पार दुसऱ्या समुद्राला मिळते, हे मी दर वर्षी पेपरात विचारते. “समुद्र सगळे आतून एकच असतात, आत्याबाई,” मी म्हटलं. तसं ते खोटं नाही. शालूच्या नवऱ्यानं त्याच्या कारखान्यातल्या मित्राची मॅटाडोर ठरवली.

आरे

पंचमीला सकाळी सहाला आम्ही आठ बायका मॅटाडोरमध्ये. प्रत्येकीच्या तोंडात आघाड्याची काडी, त्यामुळे भांडुप येईपर्यंत कोणी बोलत नव्हतं. सिस्टर पुढं ड्रायव्हरशेजारी. त्या व्रत करत नाहीत, अंधेरीपर्यंत त्यांना वाट मिळाली एवढंच. पवईचा तलाव आला तेव्हा आत्याबाईंनी काचेला नाक लावून मगर शोधली. दिसली नाही तर म्हणाल्या, “बघ, उगाच बोलतात.”

तिथून रस्ता आरे कॉलनीत शिरला आणि मी ओरडलेच! मुंबईत जंगल असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंना हिरवीगार टेकाडं, ओली झाडी, मधेच गोठ्यांच्या लांबच लांब रांगा. एका वळणावर म्हशींचा कळप रस्त्यात उभा राहिला. आमचा ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला. एका म्हशीनं खिडकीतून आत तोंड घातलं आणि शालूच्या मांडीवरच्या परडीतल्या दूर्वा खाऊन टाकल्या. दूर्वा सप्तर्षींसाठी होत्या. आत्याबाईंनी निकाल दिला की म्हैस ही गाय नव्हे, पण दूर्वा परत मागण्यातही अर्थ नाही.

पुढं एका आदिवासी पाड्यापाशी रस्त्याकडेला एक बाई भाजी मांडून बसली होती. अळू, भेंडी, शिराळी, काकड्या, लाल माठ, भोपळ्याची फोड. ऋषीच्या भाजीला जे जे लागतं ते सगळं! आम्ही उतरलो. आत्याबाईंनी तिची उलटतपासणी घेतली.

“बैल लावलाय का शेताला?”

“बैल कुठला बाय?” ती हसली. “डोंगरावर तो चढल का? ही माझी दोन हातं.”

“आणि खत?”

“म्हशीचं शेण.”

आत्याबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “श्रम चालत नाहीत. शेण चालतं.” आणि शालूनं पैसे दिले. भाजी निवडून पिशवीत भरायचं काम माझ्याकडं आलं. ओणवी होऊन अळूची पानं मोजत होते तेव्हाच कमरेत ती ओळखीची कळ आली. बारीक. मी तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. मॅटाडोरची बाकं वाईट आहेत, असं स्वतःला सांगितलं. अंधेरीला सिस्टर उतरल्या, खिडकीपाशी येऊन माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, “बरं वाटतंय ना?” मी म्हटलं, “झकास!” मुंबईत चार दिवसांत मी हा एक शब्द शिकले होते.

वर्सोवा

वर्सोव्याला समुद्राच्या आधी वास भेटतो. सुकलेल्या मासळीचा, ओल्या जाळ्यांचा, डांबराचा. आमच्यातल्या दोघींनी पदर नाकाला लावले. अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे खेटून घरं, घराघरांत गणपती. त्यांतले बरेच दीड दिवसाचे, संध्याकाळी बोळवण, त्यामुळे सगळीकडे लगबग होती. हिराबाई दारात उभीच होती. पन्नाशीची, काळीसावळी, केसात भलामोठा गजरा.

“या गो समद्या. पाय धुवा. सिस्टरनं पाठवलंय ना? घर तुमचाच हाय.”

तिच्या गणपतीपुढं हात जोडून आम्ही एकेक करून तिच्या मोरीत कपडे बदलायला गेलो. अंघोळीसाठी जुनी लुगडी आणली होती. माझा नंबर शेवटचा. खिडकीच्या फटीतून वाऱ्याबरोबर गाज येत होती. आणि मी परकराकडे पाहिलं.

आली होती. काही शंका नव्हती.

मी तिथंच पाटावर बसले. डोळ्यांत पाणी आलं, पण खरं सांगते, ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं. चौथ्यांदा! आणि या वेळी भिंतीपलीकडे नव्हे, गल्लीच्या टोकाला. बाहेर बायका हाका मारत होत्या. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? लाल काठाचं लुगडं, समुद्राचं पाणी. पण आरेपासून मी सगळ्यांना शिवले होते, भाजी माझ्या हातची होती, आणि व्रत होतं नेमकं या शिवाशिवीचंच. सांगितलं असतं तर मॅटाडोरमध्ये बसून राहायचं आणि मुलुंडला परत जायचं.

हिराबाई दार ढकलून आत आली. “काय झाला गो? तोंड का उतरला तुजा?”

मी सांगितलं. गोळीचं, हरितालिकेचं, सगळं. अनोळखी बाईला सांगायला सोपं जातं. तिनं आधी फडताळातून धुतलेलं फडकं काढून माझ्या हातात दिलं आणि मग बोलली.

“मंग त्यात रडाचा काय? आमी तं त्या चार दिसांत पन बाजारात बसतंव. म्हावरा काय चार दिस वाट बगतंय?”

“तुम्ही काहीच पाळत नाही?”

“पालतंव ना. देवीच्या देवलात नाय जात. नव्या होरीवर नाय चढत. ज्याची त्याची रीत हाय बाय.”

“आणि समुद्र?”

“दर्या?” ती हसायला लागली. “आख्ख्या मुंबैची गटारा पितंय तो रोज. तुज्या चार थेंबांना भितंय काय?”

माझं रडू तिथंच थांबलं. फडकं नीट बांधलं, लुगडं घट्ट आवळून घेतलं. लपवायचं नाही एवढं मात्र ठरवलं. त्यात फार मोठा सत्यवादीपणा नव्हता. समुद्र चोरून बघायचा नव्हता मला, एवढंच.

गल्ली संपली आणि तो दिसला.

मी फळ्यावर काढते तसा तो मुळीच नव्हता. निळा तर नव्हताच. भाद्रपदातला, गढूळ, मातकट, आणि इतका मोठा की मला क्षणभर हसूच फुटलं. एवढं पाणी इतकी वर्षं इथंच होतं आणि मी खडू झिजवत बसले होते! उजवीकडं खाडीचं तोंड, तिथून पलीकडं मढकडे तरीची होडी चाललेली, त्यात माणसं आणि एक कोंबड्यांची पाटी. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, त्यांच्या नाकाडांवर झेंडूच्या माळा. मी ओरडले, कोणाला तरी हाक मारली, काय म्हणाले आठवत नाही. शालू आणि बाकीच्या बायका हिराबाईच्या मागं पाण्यात उतरल्यासुद्धा होत्या. “उधान उतरला हाय,” ती त्यांना सांगत होती, “पन गुडघ्यावर पानी आला का थांबाचा!”

आत्याबाई एकट्याच काठावर उभ्या होत्या. हातात तांब्या. पाण्यापासून दहा पावलं लांब.

मी त्यांच्यापासून चार हातांवर थांबले. “आत्याबाई, मी बाहेरची झाले.”

त्यांनी वळून पाहिलं. “कधी?”

“आत्ताच कळलं. पण आरेपासून असेल.”

“भाजी तू निवडलीस.”

“हो.”

“पूजेच्या परडीला हात लावलास.”

“लावला.”

त्यांनी तोंड समुद्राकडे वळवलं. मी मॅटाडोर कुठं उभी आहे ते बघून घेतलं. मग त्या पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, “गोळी नको असं मी म्हटलं होतं.”

सोळा वर्षांत त्यांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही, आणि अशा वेळी मधे बोलू नये एवढं मला कळतं.

“हे व्रत कशाचं गं?” त्यांनी विचारलं.

“शिवाशिवीचं.”

“शिवाशिव झाली ना?”

“झाली.”

“पाणी समोर आहे ना?”

“आहे.”

“मग गाडीत बसून काय धुणार आहेस?” तांब्या वाळूत टेकवून त्यांनी कासोटा आवळला. “चल. पण माझ्यापासून लांब उतर. आणि गौरीला हात लावायचा नाही, ते मी आणि शालू बघू.”

माझ्या हातून गौर गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी पळाले. हो, अडतीस वर्षांची बाई, लुगडं नेसून, वर्सोव्याच्या वाळूत पळाले! पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा ती कोमट होती, याचं मला फार नवल वाटलं. मी तिला गार समजत होते. दुसरी गुडघ्याला लागली. पाणी परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेतं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. आपण उभे असतो आणि जमीन निघून जाते. मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं आणि पुन्हा घेतलं. मुलांना आता मी सांगू शकेन की ते किती खारट असतं.

आत्याबाई माझ्या डावीकडं, सांगितल्याप्रमाणे लांब, घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. ओठ मंत्र म्हणत होते, डोळे मात्र गच्च मिटलेले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. हर्णैची तिकिटं परत केली त्यांत एक त्यांचंही होतं. गणपतीपुळ्याला माझं ताट सरकवायला त्याच पडवीत थांबल्या होत्या. सदुसष्ट वर्षं. त्यांची पाळी जाऊनही वीस वर्षं झाली असतील, पण त्यांना समुद्राला चला असं कोणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. “पाणीच ना ते,” असं त्या म्हणायच्या आणि आम्ही ते खरं धरायचो.

हिराबाई ओरडली, “आजी, समोर बगा!”

लाट तशी मोठी नव्हती. पण आत्याबाईंच्या पायाखालची वाळू निघाली, त्या कलंडल्या, आणि त्यांनी हात पुढं केला. जवळ मीच होते. किती अंतरावर होते आणि कशी पोचले, मला ठाऊक नाही. त्यांच्या पाचही बोटांनी माझं मनगट धरलं. लाट आमच्या दोघींच्या कमरेवरून गेली, त्यांचा पदर पाण्यावर पसरला, केस सुटले, नाकातोंडात पाणी गेलं. त्या खोकल्या. मग मला आवाज आला, तो हसण्याचा आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

पाणी ओसरलं. वाळू पुन्हा घट्ट झाली. आता सोडायला हरकत नव्हती, म्हणून मीच माझा हात हळूच सोडवून घ्यायला लागले.

“थांब गं,” आत्याबाई म्हणाल्या. मनगट त्यांनी आणखी घट्ट धरलं, आणि डोळे उघडे ठेवून त्या समोर बघत होत्या. “अजून एक येऊ दे.”